तीस राखाडी चौकोन

सरांनी ‘कुलूप’ असं लिहिलेलं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं, बटणाला ऐकू कमी येत असावं तसं.

त्यांच्या पडद्यावर तीस छोटे चौकोन होते. एरवी एकेका चौकोनात एकेका मुलाचा संगणक दिसायचा. कोण काम करतोय, कोण गाड्यांचे फोटो बघतोय, सगळं बसल्या जागी कळायचं. आज तीसही चौकोन राखाडी होते आणि प्रत्येकाखाली ‘जोडलेला नाही’ अशी ओळ होती. त्यात शेवटच्या बाकावर मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, मांडीवर वही घेऊन बसलेल्या.

आठ महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि सरांचा आवाज गेला. अगदी पार गेला असं नाही. कानाशी तोंड नेलं तर ऐकू येईल एवढी कुजबुज उरली. ज्या माणसाच्या एका हाकेने मैदानापलीकडची पोरं थबकायची, त्याला आता दुकानात साबण मागायलाही खुणा कराव्या लागत. शिकवणं चालू राहिलं ते या कुलपाच्या जोरावर. बटण दाबलं की सगळ्या मुलांचे पडदे एकदम काळे व्हायचे, आणि पडदा काळा झाला की हात मांडीवर, डोळे फळ्याकडे, असा नियम त्यांनी मुलांना लावून दिला होता. तरी मोठ्या बाईंकडे तक्रारी गेल्याच.

“गुरुवारी मी वर्गात बसते,” मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “जमलं तर उत्तम. नाहीतर ऑफिसात रजिस्टरं लावायला माणूस हवाच आहे.”

“रजिस्टरं लावणं काय वाईट?” घरी बायको म्हणाली. “दगदग तरी नाही.”

तिचं काही चुकलं नव्हतं. पण सर भरल्या ताटावरून उठले.

आणि आज ऐन वेळी हा घोळ, तोही त्यांनी स्वतःच घातलेला. प्रत्येक वर्गाला या यंत्रणेत एक नाव द्यावं लागतं आणि मुलांचे संगणक त्याच नावाने सरांचा संगणक शोधतात. आवाज शाबूत होता तेव्हा सरांनी गमतीने ‘मासळीबाजार’ नाव दिलं होतं. बाईंच्या नजरेला पडलं तर बरं दिसणार नाही, म्हणून सकाळी लवकर येऊन त्यांनी ते ‘सातवी ब’ केलं. इथे बदललं, तीस संगणकांवर बदलायचं राहिलं. ते बिचारे अजून मासळीबाजार शोधत बसले होते. जुनं नाव परत द्यायचं तर सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं, आणि तेवढ्या दहा मिनिटांत पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आताच खुसफुस वाढत चालली होती.

पहिल्या रांगेत एक मुलगी बसायची. तिला सगळा वर्ग ‘भोंगा’ म्हणायचा, कारण तिच्या पोटात एक गोष्ट दोन मिनिटं टिकत नसे. तिने आपल्या पडद्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथला जोडणी दाखवणारा हिरवा ठिपका आज नव्हता. मग तिने सरांच्या घामेजल्या कपाळाकडे आणि बटणावरच्या बोटाकडे बघितलं, आणि शेजारणीच्या कानाला लागली. तिथून ते पुढच्या, मागच्या बाकांवर गेलं.

संपलं, सरांच्या मनात आलं. आता खिदळतील.

टक्. कुठेतरी बारीक आवाज झाला. मग दुसरा, मग सगळीकडून. आणि वर्ग शांत झाला.

जोडणी आली की काय म्हणून सरांनी घाईने पडद्याकडे पाहिलं. चौकोन राखाडीच होते. समोर मात्र तीस जण हात मांडीवर घेऊन फळ्याकडे बघत होते. भोंग्याचा अंगठा पडद्याच्या खालच्या कडेवरून हळूच मागे येताना त्यांना दिसला. चालू-बंद करायचं बटण तिथे असतं.

सर फळ्याकडे वळले. आलेख काढायच्या पायऱ्या लिहिताना अक्षर वेडंवाकडं येत होतं. परत येऊन त्यांनी पुन्हा बटणावर बोट टेकवलं, तशी टक् टक् होऊन मुलांच्या चेहऱ्यांवर उजेड पडला. तासभरात असं चार वेळा झालं. सरांना रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती.

पाचव्यांदा पडदे काळे झाले तेव्हा मोठ्या बाई उठून टेबलापाशी आल्या.

“छान. मी उगाच काळजी करत होते. एक बटण दाबलं की वर्ग गार. यात शिक्षकाला काही करावंच लागत नाही.”

सर हसले.

“मी काय म्हणते, या पायऱ्या छापूनच घेऊ. बटण दाबायला ऑफिसातलं कोणीही बसेल. तुम्ही निवांत रजिस्टरं बघा, घशाला तेवढाच आराम.”

बाई मायेने बोलत होत्या. म्हणूनच नकार देणं अवघड होतं. खरं सांगावं तर आपण बाईंना तासभर फसवलं हे उघड होणार, आणि त्यात मुलंही सापडणार. गप्प बसावं तर उद्यापासून रजिस्टरं. समोर भोंग्याचा चेहरा पार उतरला होता. आपण काय करून बसलो ते तिला कळलं होतं.

सरांनी आपला पडदा दोन्ही हातांनी धरला आणि बाईंकडे फिरवला. वायर ताणली गेली, टेबलावरचं पेन खाली पडलं.

बाईंनी चष्मा लावला. वाकून त्यांनी पहिली रांग वाचली, मग दुसरी.

“हे असं केव्हापासून?”

सरांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “सुरुवातीपासून.”

बाईंनी चष्मा काढला. मग वर्गाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “पडदे चालू करा पाहू सगळ्यांनी.”

कोणी हललं नाही. भोंगाही नाही. तीस जण सरांच्या बोटाकडे बघत होते. बाई थोड्या थांबल्या, आणि मग त्याही तिकडेच बघू लागल्या.