बागेतली खुडणी

"तुझे आई-वडील कधी दोघंच फिरायला गेलेत का गं? घरी विचारून दाखव! नाही विचारलंस तर तू भित्री!"

मधल्या सुट्टीत सविताने पैज लावली, आणि नववीतली रूपाली ती घेणार नाही असं होणं शक्यच नव्हतं. स्नेहसंमेलनात तिने सगळ्या सरांच्या नकला केल्या, शाळा पोट धरून हसली, आणि तेव्हापासून बाईसाहेबांना पंखच फुटले होते. एरवी हजेरी देताना जिचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नसे, ती आता वर्गात शिरली की पोरी सरकून जागा करून देत.

संध्याकाळी मखमलाबादच्या मळ्यात आई झेंडूच्या पाट्यांवर ओलं फडकं घालत होती आणि अण्णा लुनाचा प्लग पुसत होते. रूपालीने सरळ विचारून टाकलं.

आईने पदर तोंडाला लावला. "काय बाई प्रश्न तरी! शाळेत हेच शिकवत्यात व्हय?"

अण्णा प्लग पुसता पुसता म्हणाले, "न्हाई गेलो. फूल थांबतंय का कुणासाठी? पण आता पितृपक्ष हाय, फुलाला कोण विचारतंय? रविवारी जायचं का गं, गोजरा?"

"कुठं?"

"सोमेश्वरला. धबधबा बघू."

"त्यात काय बघायचं? पाणीच ना ते!" असं ती म्हणाली खरी, पण रविवारी ट्रंकेतलं जांभळं पातळ बाहेर निघालं. तिचं चांगलं म्हणावं असं ते एकच होतं. लुनावर बसताना तिने आधी दोन्ही बाजूंनी रस्ता पाहून घेतला, कुणी बघत नाही ना म्हणून.

रूपाली सायकलवरून मागोमाग गेली. सविताचं फर्मानच होतं, ऐकीव काही चालणार नाही, डोळ्यांनी बघून सांगायचं.

धबधब्याजवळच्या बागेत ती आंब्याआड उभी राहिली. आई आणि अण्णा बाकाच्या दोन टोकांना बसले होते. मध्ये आणखी दोन माणसं मावली असती. रिकामे हात कुठे ठेवावेत हे दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी आई उठली, वाफ्याशी गेली आणि वाकली. तिचे हात भराभर चालू लागले. झेंडूची सुकलेली फुलं खुडून ती पदराच्या ओच्यात टाकत होती. एक सरी झाली, दुसरी झाली.

"ओ बाई! फुलं काय तोडता? पाटी वाचता येत नाही?" बागेचा राखणदार काठी घेऊन धावला.

आई दचकली. पदर सुटला आणि सगळं सुकं फूल पायाशी सांडलं. "अवं, तोडत न्हवते... हात गेला आपसूक. वाळलेलं काढलं की नवी कळी धरतीय ना..."

अण्णा मागून आले. "राहू द्या साहेब, मजुरी नका देऊ. पण तिला रागवू तरी नका!"

राखणदार पुटपुटत निघून गेला. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काय हसू फुटलं म्हणता! आई तोंडावर पदर न घेता हसत होती. दात दाखवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रूपालीने आईला असं कधी पाहिलं नव्हतं. मग पाण्यात पाय सोडून दोघांनी एकच भाजलेलं कणीस आळीपाळीने खाल्लं. आपण हे बघायला नको, असं रूपालीला क्षणभर वाटलं. पण क्षणभरच. तिच्या डोक्यात नक्कल तयार व्हायला लागली होती.

मंगळवारी तास रिकामा मिळाला. रूपालीने ओढणीचा पदर घेतला, कमरेत वाकली आणि सुरू झाली, "आवं सायब! हात ग्येला की आपसूक! कळी धरतीया कळी!" पोरी बाकं बडवत होत्या. "अजून कर, अजून कर!" रूपालीने आईचं दचकणं केलं, ओचा सांडणं केलं, दात दाखवून हसणंसुद्धा केलं.

आणि सविता हसायची थांबली. ती दाराकडे बघत होती.

दारात जांभळं पातळ होतं. दुसऱ्या दिवशी शाळातपासणीला साहेब येणार होते. "हार आमच्या मळ्यातले!" असं रूपालीनेच सगळ्या वर्गात मिरवून सांगितलं होतं. आई हारांची पाटी कडेवर घेऊन उभी होती, आणि तीही हसत होती. ओठ मिटून, पाहुण्यांत हसावं तसं.

"फडकं ओलं ठिव गं, हार सुकतील," एवढंच म्हणून तिने पाटी टेकवली आणि गेली.

रूपालीच्या कानशिलांना चटका बसला. आई ओरडली असती, चार पोरींत कान धरला असता, तरी बरं झालं असतं. ते मिटलेलं हसू मात्र डोळ्यांसमोरून जाता जाईना. दोन दिवस ती घरात चोरासारखी वावरली. आईच्या हातून ताट घेताना तिची नजर ताटाच्या वर जात नव्हती.

शुक्रवारी जेवताना अण्णा म्हणाले, "हा शेवटचा रविवार. पुढं घट बसतील, मग दसरा, दिवाळी, लग्नसराई. मान वर करायला फुरसत न्हाई. घटाच्या फुलांची खुडणी हाय, ती उरकून जायचं का पुन्हा सोमेश्वरला?"

"नको," आई म्हणाली. "लोकं हसत्यात. आपल्याला न्हाई जमत तसलं फिरणं."

"कोण हसलं? तो राखणदार?"

"असंच म्हटलं." आईने भाकरी थापायला घेतली. रूपालीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, तिचं नावही घेतलं नाही.

रूपालीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"अण्णा, लोकं नाही हसली. मी हसवली. त्या दिवशी मी तुमच्या मागे आले होते, झाडाआड लपून सगळं बघितलं, आणि वर्गात आईची नक्कल केली. आईने ती पाहिली."

अण्णांचा हात ताटातच थांबला. आईचा भाकरीवर.

"रविवारची खुडणी मी करणार," रूपाली म्हणाली. आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "पाट्या मी भरीन, सायकलवरून बाजारात मीच नेईन. तुम्ही दोघांनी सोमेश्वरला जायचं. आणि मी मागे येणार नाही."