मिरचीच्या वाफ्यातली खुडूक

सारं परसू मोकळं व्हतं. खुराडं व्हतं, कोपऱ्यात गोणपाट आंथरून मी जागा करून दिलेली. पण ही भवानी खुडूक झाली आन अंड्यांवर बसायला जागा कुटली धरली, तर माझ्या मिरचीच्या वाफ्यातली, ऐन मधोमध.

दुसरी कुणी असती तर मी तंगडी धरून उचलली असती. पण पावसाळ्यात मर आली, आठ दिवसांत माझ्या चौदा कोंबड्या गेल्या, कोंबडा गेला. उरली ही एकच. अंडी शेजारच्या कमरजहाँनं दिली. कोंबडी माझी, अंडी तिची, पिल्लं निम्मी-निम्मी, अशी आमच्या कान्हे गावात रीतच हाय. ही पिल्लं निघाली तर माझं खुराडं परत भरणार, न्हाईतर संपलंच.

कमर म्हणली, हिला हलवू नका, उठली तर परत बसायची न्हाई. मग चैताच्या उन्हात वाफ्यात पाणी सोडायची सोय ऱ्हायली न्हाई. एकेका रोपाला तांब्यानं पाणी घालून माझी कंबर गेली. मी तिला शिव्या द्यायची, ती माझ्या हाताला टोचायची. आमचे मालक बाजीराव म्हणायचे, दोघींचं लय जमतंय. त्यांना काय, आयता चहा पिऊन कंपनीत जायचं.

विसाव्या दिवशी, पिल्लं आज-उद्या निघणार तवा, मी कामशेतच्या बाजाराला निघाले. जाता जाता वरच्या वांग्यांना पाणी द्यावं म्हणून मोटारीचं बटण दाबलं, तर लाइट गेलेली. बटण तसंच चालू ऱ्हायलं. बाजारात मिठाचा पुडा घेत व्हते, तवर दुकानातला पंखा गरगर फिरायला लागला. लाइट आली म्हणजे घरी मोटार सुरू झाली, आन वांग्यांचं पाणी उतारानं थेट मिरचीत येणार. कमरला फोन लावला, ती उचलंना. पिशवी तितंच टाकून रिक्षा धरली.

परसात आले तर मोटार बंद. वांगी पाण्यात उभी. आन मिरची? निम्मा वाफा उकरलेला, फुलावर आलेली रोपं बाजूला पडलेली. मधी कमर, खुरपं घेऊन घोटाभर चिखलात.

"शालूबाई, आधी ऐका, मग ओरडा," ती म्हणली.

मोटारीचा आवाज ऐकून ती धावत आली व्हती. बटण बंद केलं, तरी पाटातलं पाणी येतच व्हतं. दुसरीकडनं माती आणायला वेळ नव्हता, म्हणून तिनं मिरचीच उपटून, वाफ्याचीच माती ओढून कोंबडीभवती बांध घातला. पाणी वीतभर अलीकडं थांबलेलं.

माझ्या तोंडाला सारी आळी भिते, ते खरंय. पण मी बाजाराच्या लुगड्यानिशी चिखलात बसले. कोंबडीखाली हात घातला, तिनं रक्त येस्तोवर टोचलं. अंडं कोरडं व्हतं, गरम. कानाला लावलं. आत टकटक, आन बारीक चिवचिव.

मी ते कमरच्या कानाला लावलं. तिनं डोळे मिटले आन रडायलाच लागली. मलाबी रडू आलं.

"कमर, वाटणी नको करायला," मी म्हणले. "दोन्ही घरची पिल्लं एकाच परसात वाढू दे."

"आन मिरच्या?" तिनं भीत भीत विचारलं.

"खड्ड्यात गेल्या मिरच्या."