माझी धार गेली नव्हती

गप्प राहून सावळारामबापूंना काय काय मिळणार होतं, ते आधी ऐका. लेकीला विंझरचं चांगलं घर मिळणार होतं. 'त्या घरात काहीतरी रोग आहे' ही कुजबूज टळणार होती. आणि हिर्डोशीत कुणाचंही लग्न ठरलं की सुपारी फोडायला बापूंनाच बोलवायचं, हा मान त्यांच्याच हातात राहणार होता. वरवर पाहता सौदा काही वाईट नव्हता.

मित्रांनो, मी त्या मानाचा निम्मा वाटेकरी. पितळी मुठींचा एक जुना अडकित्ता. आता सुपारी कातरूनच पुडीत मिळते, त्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. बापूंच्या वडिलांनी मला भोरच्या बाजारातून आणलं. घेण्याआधी दुकानदाराचीच सुपारी फोडून पाहिली, दोन्ही खांडं तोंडात टाकली आणि मगच भाव विचारला. असं हे घराणं!

आमच्या भागात सोयरीक जुळली की भर बैठकीत सुपारी फोडतात. ती फुटली की बोलणं पक्कं, मग कुणी मागं फिरायचं नाही. कुठं ती खलबत्त्यात फोडतात, हिर्डोशीत मात्र बापूंच्या अडकित्त्यानं. बापू मला पानसुपारीच्या चंचीतून काढायचे, सुपारी माझ्या पात्याखाली धरायचे आणि एकदाच मूठ आवळायचे. कट्! लोक म्हणायचे, "बापूंच्या हातात लई गुण हाय." बापू मिशीत हसायचे. आणि शेजारचा चिमाजी, लग्न कुणाचंही असो, सर्वांत मोठं खांड आधी उचलायचा.

मग एका वर्षी सुपारी माझ्या तोंडातून निसटू लागली. बापूंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बोथट झाला रं तू." त्यांनी मला भोरला धार लावणाऱ्याकडे नेलं. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला.

"अवो बापू, ह्याला कशाला धार? कागुद कापंल ह्यो."

"तरी लाव."

मला धार लावली. काही दिवसांनी पुन्हा नेलं, पुन्हा लावली. धार लावताना लोखंड झिजतं, मित्रांनो. माझं पातं बारीक होत गेलं आणि तिकडं बापूंच्या अंगठ्याखालचं मांसही बारीक होत गेलं. माझ्याकडं सगळे पाहत होते. त्या हाताकडं कुणी पाहिलं नाही.

घरात तांब्या पडायचा, सदऱ्याचं बटण लागायचं नाही. सगुणाबाई, म्हणजे बापूंची बायको, जिभेची तिखट. एकदा दुधाचं पातेलंच निसटलं, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवं, हाताला मेंदी लावलीय का? लेकीच्या आधी तुमीच नवरी व्हताय जणू!" सगळे खो खो हसले. बापूही हसले. मग ते वाक्य घरात रुळलं. काहीही पडलं की 'मेंदी वाळली न्हाई वाटतं!'

शेवटी लेक नूतन त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हाताला, पायाला सुया टोचून नसा तपासल्या. डॉक्टर सावकाश बोलले. "मानेतली नस दाबली गेली असेल तरी असं होऊ शकतं. पण मला एएलएस नावाच्या आजाराची शंका आहे. त्यात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा हळूहळू थकत जातात. आज खात्रीनं सांगता येत नाही. मानेची तपासणी करा आणि दिलेल्या तारखेला नक्की या."

"बरा व्हतो का?" बापूंनी विचारलं.

"हा आजार असलाच, तर पूर्ण बरा होत नाही. पण करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि ते लवकर सुरू करावं."

डॉक्टरांच्या बोलण्यातली मानेची नस तेवढी बापूंनी घरी आणली. बाकीचं एसटीतच ठेवलं.

"आण्णा, आईला तरी सांगू," नूतन गाडीत बापूंना म्हणाली.

"तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. उद्या पार विंझरपतूर जाईल. आदी तुजी सुपारी फुटू दे."

"आणि डॉक्टरांची तारीख?"

"नस दबलीय गं. चोळून मोकळी व्हईल."

नूतननं मान खाली घातली आणि गप्प राहायचं कबूल केलं. बापूंचा हात तेव्हा चंचीवर होता. त्या हाताची कातडी आतून किडा वळवळावा तशी थरथरत होती.

तारीख आली तेव्हा बापू भात झोडत होते. एका हातानं झोडायचे आणि दुसऱ्यानं झोडतोय असं दाखवायचे. तारीख गेली.

मग सुपारीचा दिवस उजाडला. विंझरहून गोरखराव, मुलाचे वडील, टेम्पो भरून पाहुणे घेऊन आले. बैठक बसली. बापूंच्या म्हाताऱ्या चुलतीनं, ठकुबाईनं, हळदकुंकू लावून सुपारी पुढं केली. कुणीतरी म्हणालं, "पोरीच्या बापानं कशाला? दुसरं कुणी फोडा." पण बापू ऐकतात कुठले! त्यांनी मला काढलं, दोन्ही हातांनी धरलं आणि आवळलं. मी माझ्याकडून काही बाकी ठेवलं नाही, मित्रांनो. पण हुकूमच आला नाही. सुपारी टुणकन उडून घोंगडीवर घरंगळली आणि मी बापूंच्या मांडीवर पडलो.

"अगं बया, सुपारीच फुटंना!" ठकुबाई पुटपुटली.

"मेंदी वाळली न्हाई अजून!" सगुणाबाईनं हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. या वेळी कुणी हसलं नाही.

"अडकित्ता बोथट झालाय," बापू म्हणाले.

"बघू." गोरखरावांनी मला उचललं, सुपारी घेतली आणि मूठ आवळली. कट्! दोन सरळ खांडं.

"फुटली की!" चिमाजी ओरडला. पण गोरखराव माझं पातं निरखत होते. "धार तर चांगली हाय, बापू. जरा हात बघू तुमचा."

बापूंनी हात धोतराच्या सोग्यात लपवला. तेव्हा नूतन उठली आणि तिनं भर बैठकीत सगळं सांगितलं. बापू जमिनीकडं पाहत राहिले. सगुणाबाईच्या हातातलं साखरेचं ताट तिरपं झालं आणि साखर सांडत राहिली.

गोरखरावांनी मला सुपारीच्या खांडांशेजारी ठेवलं. मग म्हणाले, "सुपारी माज्या हातानं फुटलीया. ती काय आता सांधता येती? सोयरीक पक्की. पर बापू, आदी सांगितलं असतं, तर त्या तारखेला म्याच टेम्पो काढला असता. आमाला काय वैरी समजला का?"

बापूंनी सोग्यातला हात काढून त्यांच्यापुढं धरला.

पुढच्याच आठवड्यात तो टेम्पो पुण्याला गेला. मान तपासली, तर ती ठीक निघाली. सुया पुन्हा टोचल्या, श्वास मोजला. डॉक्टर अजूनही 'बहुधा तोच' असंच म्हणतात. पण तोवर थांबायचं नाही, असंही म्हणतात. हाताला आधाराची पट्टी आली, चमच्याला जाड मूठ आली. चुकून श्वासनलिकेत जाईल म्हणून बापूंचं सुपारी खाणं बंद झालं आणि मी खुंटीला लागलो. या आजारात पुढं बोलणंही जाऊ शकतं, म्हणून नूतन रोज बापूंचा आवाज मोबाईलमध्ये भरून ठेवते. पहिली हाक त्यांनी दिली ती 'सगुणे'.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या हातून तांब्या पडला, तर आधी तो हात हातात घेऊन बघा. थट्टा नंतर करता येते. आणि दुखणं आपल्याच माणसांपासून लपवू नका, कुणी लपवायला सांगितलं तरीही.

आता हिशेब. लेकीला विंझरचं घर मिळालं, ते बोलूनही मिळणारच होतं. गप्प राहण्याची किंमत बापूंनी हुकलेल्या तारखेनं दिली, नूतननं झोप गमावून दिली. पण खुंटीवरून मला रोज दिसते ती सगुणाबाई. ती बापूंच्या हाताला तेल लावते आणि म्हणते, "म्या मेंदी म्हनले वो तुमाला." बापू म्हणतात, "अगं, म्याबी हसलो व्हतो की." ती त्या पोकळ तळव्यात तेल जिरवत राहते.

सौदा बापलेकीनं केला होता. सगुणाबाईला कुणी विचारलंही नव्हतं. फेड मात्र तिची अजून चालू आहे.