जुन्या वळणावरचं घर

स्वयंपाकघराच्या फरशीखाली पाणी वाहतंय, असं बायको म्हणाली तेव्हा प्लंबरने आधी घरातले सगळे नळ बंद केले, मग मुख्य कॉक फिरवला, आणि मग ओणवा होऊन फरशीला कान लावला. आवाज होताच. नळ गळतो तसा नव्हे. संथ, जड, कुणीतरी ओल्या पायांनी चालत राहावं तसा.

त्याने धाकट्या बहिणीला फोन केला. ती नदीच्या जतनाचं काम बघणाऱ्या कार्यालयात होती. पाण्याचे नमुने घ्यायचे, मासे मोजायचे, काठ जपायचे. ओळखीचे लोक तिला नदीवालीच म्हणत.

"प्लंबरच्या घरात गळती, म्हणजे अब्रूच गेली," तो म्हणाला. "गुपचूप ये. तुझा पाणी तपासायचा मीटर घेऊन ये."

ती आली. वहिनीने भिंतीजवळची मोरी दाखवली. मोरीच्या जाळीपाशी थोडं पाणी साचलं होतं. नदीवालीने मीटर बुडवला, काटा बघितला, पुसून पुन्हा बुडवला.

"दादा, हे नळाचं नाही. खारट आहे. भरतीचं पाणी आहे हे."

"समुद्र कुठे, माझं घर कुठे!"

अंतर तसं बरंच होतं. पण नदीवालीच्या डोळ्यांपुढे कार्यालयातला जुना नकाशा आला. नदी लहानशीच. टेकड्यांतून उतरायची, कुरणांतून वळणं घेत लव्हाळ्यांत शिरायची आणि समुद्राला मिळायची. मुखाशी लाटा वाळूचा दांडा घालत. पाणी कमी असलं की नदी त्यामागे तुंबून राही, वरून लोंढा आला की दांडा फोडून बाहेर पडे. फार पूर्वी कुणीतरी तिला सरळ केलं होतं. शेवटचं मोठं वळण दगडमातीने बुजवलं, त्याच्या दोन्ही टोकांना बांध घातले आणि बुजवलेल्या जागेवर घरांची रांग उभी राहिली. दादाचं घर रांगेतलं शेवटचं, सगळ्यांत सखल.

आणि याच वर्षी कार्यालयाने कुरणातल्या वरच्या बांधाची उंची कमी केली होती. पाणथळ जागा परत यावी, माशांना वर चढता यावं, म्हणून. काम छान झालं होतं. बगळे आले होते. खालचं वळण कुणी उघडलं नव्हतं. तेवढं नदीने स्वतःच मनावर घेतलेलं दिसत होतं.

"भरती कधी आहे आज?" तिने सहज, मोबाइल काढत विचारलं.

"संपली आत्ताच," वहिनी म्हणाली. "आता उतरेल."

मोबाइलवर तेच होतं. वहिनीच्या हातात मोबाइल नव्हता, आणि समुद्राकडे तिने आयुष्यात कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिला वाळू आवडत नसे.

"तुला कसं कळलं?"

"कळतं. पिंडऱ्यांत ओढ लागते, वन्सं." ती हसली, पण उगाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने छिन्नी-हातोडा घेतला. "एकदा काय तो सोक्षमोक्ष लावू," म्हणत त्याने कोपऱ्यातली फरशी उचकटली. खाली भराव असायला हवा होता. भराव नव्हता. पोकळी होती, आणि पोकळीत काळं पाणी. दादाने बॅटरी मारली आणि तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

पाण्यात वाम होते, सापासारखे लांब मासे. मनगटाएवढे जाड, एकमेकांना खेटून, दिसेल तिथवर. उजेड पडला तरी एकही हलला नाही. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, समुद्राच्या बाजूच्या भिंतीकडे.

नदीवालीला वाम ठाऊक होते. वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतात आणि एके दिवशी खाणंपिणं सोडून समुद्राकडे निघतात. ओल्या गवतातून सरपटतसुद्धा जातात. हे सगळं तिने लोकांना कितीदा समजावून सांगितलं होतं. आत्ता मात्र तिने दादाच्या हातातली बॅटरी घेऊन नुसती त्या भिंतीवर धरली.

"थांबलेत," वहिनी हळूच म्हणाली.

"कशासाठी?" दादाने विचारलं.

"दार उघडायची वाट बघतायत. अहो, असं काय विचारता?"

नदीवालीने त्याच संध्याकाळी कार्यालयात साहेबांना सांगितलं. साहेब भला माणूस. त्याने हसण्यावारी नेलं नाही. येऊन बघून गेला आणि शेवटची घरं रिकामी करायला सांगितली. दादा कुरकुरला, पण वहिनीला घेऊन टेकडीवरच्या मित्राकडे राहायला गेला.

त्याच आठवड्यात टेकड्यांवर आभाळ फाटलं. नदीचं मुख वाळूच्या दांड्याने पुरतं मिटलेलं होतं. नदी फुगली, बांधाला टेकली. दांडा फोडायला यंत्र निघालं ते वाटेतच चिखलात रुतलं. भर दुपारी सगळी गल्ली गच्च्यांवर चढून बघत होती.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "ही तुझ्याकडे आलीय का? घरात नाहीये गं!"

नदीवाली धावत सुटली. शेवटच्या घराचं मागचं दार सताड उघडं होतं. पुढचंही. नदी मागच्या बांधावरून ओसंडून मागच्या दाराने आत येत होती आणि पुढच्या दाराने बाहेर जात होती, मुकाट, पाहुण्यासारखी. मध्ये, स्वयंपाकघरात, गुडघाभर पाण्यात वहिनी उभी होती, आणि तिच्या दोन्ही पायांमधून, बाजूंनी, वाम चालले होते. त्यांच्या पाठी तिच्या पोटऱ्यांना घासत होत्या. तिचा चेहरा बघून नदीवालीला मोठ्याने हाक मारवेना. झोपेतल्या माणसाचा असतो तसा तो निवांत होता.

"वहिनी, चल."

"थांब गं. मागे अजून आहेत."

समोर रस्त्यापलीकडचा बांध फुगला, करकरला आणि खचला. पाणी एकदम पुढे ओढलं गेलं आणि जुन्या वळणाने, वाळूचा दांडा फोडून, समुद्राला मिळालं. गल्लीतलं पाणी बघता बघता उतरलं. वरच्या एकाही घरात शिरलं नाही. नदीवालीने वहिनीच्या कमरेला मिठी मारून चौकट घट्ट धरली होती. वहिनीचं सगळं वजन समुद्राकडे ओढत होतं, पाण्याच्या ओढीपेक्षा जास्त. हे तिने नंतर कुणालाच सांगितलं नाही.

दादा आला तेव्हा दोघी ओल्या जमिनीवर बसल्या होत्या.

"तुला मरायचं होतं का?" तो रडतच ओरडला.

"नाही हो," वहिनी म्हणाली. "मला जायचं होतं. वन्संनी धरलं म्हणून राहिले."

घर पाडावं लागलं. कार्यालयाने वळण रीतसर मोकळं केलं, काठाने लव्हाळी लावली, आणि दादाला टेकडीच्या बाजूला दुसरं घर मिळालं. वहिनी तिथे छान रमली. खाते, हसते, शेजारणीशी भांडते. भरतीची वेळ विचारली तर म्हणते, मला काय माहीत!

थंडी सरल्यावर नदीवाली वळणापाशी पिल्लं मोजायला गेली, तेव्हा वहिनी आपणहून सोबत आली. समुद्रातून वर येणारी वामांची पिल्लं काचेच्या दोऱ्यासारखी असतात; डोळ्यांचे दोन ठिपके तेवढे दिसतात. वहिनीने काठावर बसून पाण्यात हात घातला. पिल्लं वळली. थव्याने आली आणि तिच्या बोटांभोवती गोळा होऊन राहिली. नदीवाली मोजायचं विसरली.

वहिनीने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग हात अलगद बाहेर काढला आणि पदराला पुसला.

"लहान आहेत अजून," ती म्हणाली. "परत जायचं असतं, हे यांना एवढ्यात सांगू नकोस."