नावांची पाटी

स्फाक्स शहराजवळच्या त्या जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या घाण्यावर ज्याचं त्याचं तेल वेगळं. एकाच्या जैतुनात दुसऱ्याचं मिसळलं की भांडण ठरलेलं. म्हणून कॉम्प्युटर शिकून घाण्यावर कामाला लागलेल्या रफीकानं कुणाचं तेल कुठल्या टाकीत ते सांभाळणारा नवा प्रोग्रॅम लिहिताना चाळीस शेतकऱ्यांच्या नावांची चाळीस व्हेरिएबल्स, म्हणजे नाव दिलेले कप्पे केले, प्रत्येकात टाकीचा नंबर. त्याआधी घाण्याचे मालक हेदीकाका भिंतीवरच्या पाटीवर नावं लिहायचे. ती पाटी तिनं अडगळीत टाकली. मोठी शहाणी!

मंगळवारी सकाळी हज करून आलेली म्हातारी, हाज्जा मब्रूका, जैतुनांची सहा पोती घेऊन पहिल्यांदाच आली. यादीत तिचं नावच नाही.

"‘इतर’ लिहिलेल्या सामाईक टाकीत घाल," काका म्हणाले.

"म्हणजे सगळ्यांच्यात?" हाज्जा पोत्यावरच बसली. "माझ्या नवऱ्यानं लावलेली झाडं आहेत ही. पहिलंच पीक. मिसळणार असाल तर परत नेते."

नेणार कुठं? पोत्यात जैतुनं तापायला लागली होती, उद्यापर्यंत नासलीच असती.

रफीकानं तासभर डोकं आपटलं. हाज्जाचं नाव टाइप करायचं, पुढं ‘टाकी’ जोडायचं आणि त्या नावाचं व्हेरिएबल तयार होईल म्हणून बघत बसायचं. कसलं होतंय!

"अडलंय कुठं?" काकांनी विचारलं.

"मी प्रोग्रॅममध्ये लिहिलेली नावं कंपाइल करतानाच, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवतानाच पुसली जातात, काका. मशीनकडे नुसत्या जागा उरतात. आत्ता टाइप केलेलं नाव म्हणजे नुसती अक्षरं. त्याला जागा कुठली? आणि दर नव्या माणसासाठी प्रोग्रॅम पुन्हा लिहीत बसू का?"

"अगं, मग माझ्या टाक्यांना तरी कुठं नावं होती? नंबरच होते. पाटीवर नाव, नावापुढं नंबर. नवा माणूस आला की खाली एक ओळ. एवढं शिकलीस आणि हे सुचलं नाही?"

रफीकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीसच्या चाळीस व्हेरिएबल्स पुसून तिनं एकच तक्ता केला: नाव आणि नंबर. जेवणाच्या सुट्टीत घाणा थांबला, तेवढ्यात नवा प्रोग्रॅम चढवला.

स्क्रीननं नाव विचारलं. तिनं ‘मब्रूका’ लिहायला घेतलं.

"थांब पोरी," हाज्जा म्हणाली. "कुठलंही नाव चालतं ना आता? मग ताहेर लिही. झाडं त्यानं लावली. तेल बघायला तेवढा राहिला नाही."

रफीकानं ‘ताहेर’ लिहिलं. पुढं नंबर आला, एकेचाळीस.

संध्याकाळी एकेचाळीस नंबरात हिरवंगार तेल पडायला लागलं. हाज्जानं पावाचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला, टाकीवर हात ठेवला आणि दिवसभर आवरलेलं रडू मोकळं केलं. हेदीकाका अडगळीतून पाटी घेऊन आले. सगळ्यात खाली त्यांनी खडूनं ताहेरचं नाव लिहिलं.