दहा वेळा उलटी-सुलटी

मित्रांनो, रक्त तपासायच्या खोलीत, खिडकीजवळ, प्लास्टिकचं टोपरं घालून बसलेला जुना सूक्ष्मदर्शक मीच.

एका कारागिराने महिनाभर घासून माझी भिंगं बसवली. पुढे वीस वर्षं इथल्या बाईंनी मला डोळा लावून लोकांचं रक्त वाचलं. “याच्याशिवाय माझं पान हलत नाही,” असं त्या कौतुकाने म्हणत. मग मोजणीचं यंत्र आलं. मिनिटात छापील कागद! मी कोपऱ्यात गेलो. बाईंची छत्री माझ्याच मानेला लटकू लागली.

एकदा सर्दी-तापाची साथ आली. पाच वर्षांच्या ठमीला ताप होता, सर्दी छातीत उतरली होती. आई तिला घेऊन आली. ठमी रडू नये म्हणून सुई टोचताना बाईंच्या हाताखालच्या ताईने तिला सशाची गोष्ट सांगितली.

कागद आला. प्लेटलेट चाळीस हजार! दीड लाखाच्या वर हव्यात. डॉक्टर फोनवर म्हणाले, “या तापात इतक्या घसरल्या म्हणजे लक्षण बरं नाही. मोठ्या इस्पितळात हलवा.”

आई बाकावर ठमीशेजारी बसली. “काल रात्री आणायला हवं होतं मी,” एवढंच ती पुटपुटत राहिली.

बाईंनी बाकावरच्या ठमीकडे पाहिलं. “पोरगी पाय हलवत बसलीय आणि कागद भलतंच सांगतोय? ताई, ती छत्री काढ गं त्याच्यावरची!”

काचेवर रक्ताचा थेंब पसरला, रंगवला. माझी भिंगं पुसली गेली. कितीतरी दिवसांनी माझ्यातून उजेड गेला. आणि काय दिसलं? प्लेटलेट भरपूर होत्या, पण घोळक्याने एकमेकींना चिकटलेल्या! यंत्राने घोळके मोजलेच नव्हते.

“नळी हलवली होतीस?” बाईंनी विचारलं.

ताईचा चेहरा उतरला. “सशाच्या नादात राहिलं, बाई.”

रक्त नळीतल्या, गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधात मिसळावं म्हणून ती हलकेच दहा वेळा उलटी-सुलटी करावी लागते. पुन्हा रक्त घेतलं. या खेपेला ठमीनेच मोठ्याने दहा मोजले. प्लेटलेट निघाल्या एक लाख नव्वद हजार.

बाईंनी पांढऱ्या पेशीही शंभर मोजल्या. अशा तापात त्यांतल्या न्यूट्रोफिल जातीच्या फार वाढल्या आणि लिम्फोसाइट जातीच्या फार घटल्या, तर दुखणं बळावण्याची भीती असते. ठमीच्या दोन्ही ठीक होत्या.

“हा अंदाज आहे, हमी नाही,” बाई आईला म्हणाल्या. “डॉक्टरांना कळवते. श्वासावर लक्ष ठेवा, परवा परत दाखवा. आणि कालचं मनातून काढा. वेळेवरच आणलंत.”

आईने डोळे पुसले आणि त्याच ओढणीने माझं भिंग पुसायला हात पुढे केला.

“अहो, ओढणीने नाही! ओरखडे पडतात!” बाई ओरडल्या, आणि आई पहिल्यांदा हसली.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. यंत्राचा कागद जरूर वाचा, पण आधी माणसाकडे पाहा. शंका आली तर मला हाक मारा. भिंग मऊ कागदाने पुसा, टोपरं घाला.

परवा ठमी आली ती उड्या मारतच. दुसऱ्या कुणाचं रक्त घेणं चाललं होतं. दारातूनच तिने ताईला दटावलं, “आठच झाले! अजून दोन!”

छत्री आता दारामागच्या खिळ्याला असते.