आईचा आवाज आणि माझा लांबलेला पत्ता

या मित्रांनो, जवळ या, थोडं दाटीवाटीनं बसा. एका आवाजाची कथा सांगते. मन लावून ऐका, कारण मला स्वतःहून एक शब्दही बोलता येत नाही.

मी एक जुनी फाइल आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या स्लाइडची. एका रुग्णालयातल्या थोरल्या नर्सबाईंनी मला घडवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी, त्याला कसं उचलावं, हे माझ्यावर चित्रांसह आहे. आणि प्रत्येक स्लाइडमागे बाईंचा आवाज! देवानं गळाच असा दिला होता, की रागावल्या तरी कुणी आंजारतंय असं वाटे.

शिकाऊ मुली विचारत, "बाई, तुम्ही समोर असताना ही फाइल कशाला?"

"अगं, मी काय जन्माला पुरणार आहे? ही पुरेल!"

ते ऐकून मला केवढा अभिमान वाटायचा.

पुढे बाईंच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. भगवंतानं जीव राखला, आवाज मात्र नेला. मीही धूळ खात पडले.

बाईंची लेक त्याच रुग्णालयाच्या प्रशिक्षण विभागात काम करते. जुने धडे मोबाइलवर ऐकता येतील अशा नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे ठरले, तेव्हा तिनं मलाच निवडलं. विभागाच्या मॅडमनी बजावलं, "संध्याकाळपर्यंत झालं तर आईंचा आवाज. नाहीतर मशीनचा."

लेकीनं घरी फोन लावला. "आई, उद्यापासून पोरी तुझंच ऐकणार बघ!" पलीकडून फोनवर टिचकी वाजली. बाईंचा हल्लीचा होकार तो.

तिनं नव्या सॉफ्टवेअरला मला आत घ्यायची आज्ञा दिली. पडद्यावर उमटलं : 'स्लाइड आत घेता आल्या नाहीत.' का, ते नाही.

मित्रांनो, कारण मला ठाऊक होतं. लेकीनं मायेपोटी मला फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्याही आत फोल्डर करून जपलं होतं. एकाचं नाव 'आईचा आवाज', आतल्याचं 'आईचा आवाज मूळ प्रत कोणीही हात लावू नये', आणि पुढे असंच. ती सगळी नावं माझ्या पत्त्याला जोडली गेली. एवढा लांब पत्ता नव्या सॉफ्टवेअरला पेलतच नव्हता. पण सांगू कशी?

तिनं बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. माझी जड चित्रं हलकी केली. आणि दर वेळी, मूळ प्रतीला धक्का नको म्हणून, आत आणखी एक फोल्डर करून माझी नवी प्रत त्यात ठेवली. पत्ता वाढतच गेला.

मॅडम डोकावल्या. "काय गं, तुझी फाइल माहेरी आल्यासारखी रुसून बसलीय की!"

"मॅडम, उघडते छान. आवाजही येतो. फक्त आत जात नाही हो."

एकदा तर तिनं मला उचलून थेट पडद्याच्या मोकळ्या जागेत आणलं. इथं माझा पत्ता एवढासाच झाला असता. टाक गं बाई, इथंच टाक! पण तिचा हात थांबला. "नको, इथून कुणी चुकून पुसलं तर?" पुन्हा मला आत, खोल नेऊन ठेवलं.

संध्याकाळ झाली. तिनं डोळे पुसले, माझ्यावरचा मजकूर तेवढा उतरवून घेतला आणि मशीनला वाचायला दिला. मशीननं शुद्ध, स्वच्छ वाचलं : 'रुग्णाच्या मानेखाली हात घालून त्याला उचला.'

पण बाई त्या जागी थांबत, आणि चित्रातल्या म्हाताऱ्याला म्हणत, "आजोबा, आता उचलते हं. भिऊ नका, मी धरलंय." ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त आवाजात होतं.

मी अजून तिथंच आहे, शाबूत, खोल आत. मित्रांनो, जे जिवापाड जपाल, ते दुसऱ्याच्या हाताला लागेल असं ठेवा. आणि माझी एवढीच विनवणी : कधी कुणा दुबळ्या माणसाला हात द्याल, तेव्हा त्या मुक्या नर्सबाईंची आठवण काढा.